सोळाव्या वर्षाची सुई

लसीकरण म्हटलं की आपल्याला आठवतं रडणारं बाळ आणि पोलिओचे दोन थेंब. पण सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही एक सुई आहे. टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची. ऑफिसात विचारून बघा, बरेच जण डोकं खाजवतील.

ही सुई मुख्यतः शाळेत टोचतात. सोपं पडतं, मुलं एका जागी सापडतात. पण सोळाव्या वर्षी शाळेत नसतं कोण? जिचं लग्न लवकर उरकलं जाण्याची भीती जास्त, नेमकी तीच.

बीडकडचंच बघा ना. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशोबाने. म्हणजे लग्न झालं की नवा कोयता! दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड कारखान्याकडे निघतं, मुलगी शाळेच्या पटावरून गळते. यंत्रणेला ती पुन्हा दिसते ती थेट गरोदर बाई म्हणून.

आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये टेबलं दोनच, बालक आणि माता. मधली मुलगी कुठल्या टेबलात?

कोणी म्हणेल, माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन तर भारताने २०१५ मध्येच केलं, शिवाय गरोदरपणी टीडी देतातच. खरंय. पण प्रश्न फक्त सुईचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. अंगातलं रक्त सातव्या महिन्यात घाईघाईने भरून निघत नाही, आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर अशा मुलीच्या जिवावर बेतू शकतं. सोळाव्या वर्षाची सुई ही तिला गाठण्याची हक्काची तारीख आहे. त्याच दिवशी हिमोग्लोबिन बघा, लोहाच्या गोळ्या द्या, लग्नाचं घाटतंय का तेही विचारा.

जमणार कसं? रवांडाने २०११ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस शाळांमधून दिली, आणि शाळेत न जाणाऱ्या मुली आरोग्यसेवकांकरवी गावोगाव शोधल्या. ९० टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत ते पोचले. आपल्यापेक्षा गरीब देश हो तो!

आपल्याकडे आशाताई आहेत, घरांच्या याद्या आहेत. यादी शाळेच्या पटावरून नको, घरांवरून करा. आणि गाळप सुरू असताना गावात शिबिर भरवून काय उपयोग? ते कारखान्याच्या तळावर, कोप्यांमध्ये भरवा. मुलगी तिथे आहे.