कपातीचे आकडे आणि आधारवर्षाची किमया

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या वाटेला लागले की चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी चितेगाव येते. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे या गावाला औद्योगिक नकाशावर स्थान मिळाले. महाराष्ट्रातील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत आलेला पहिला रंगीत दूरदर्शन संच याच कंपनीचा होता. जून २०१८मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. यंत्रे थांबली की त्यांना लागणारी वीज वाचते आणि त्या विजेसाठी जळणारा कोळसाही वाचतो. हरितगृह वायूंच्या राष्ट्रीय ताळेबंदात ही घट निव्वळ जमेची बाजू ठरते. घरी बसलेल्या कामगाराने तिला पर्यावरणरक्षण म्हणावे, अशी अपेक्षा मात्र कोणी करणार नाही.

युरोपच्या यशाचा एक मोठा भाग नेमका अशाच घटीवर उभा आहे. १९९७च्या क्योटो करारात कपात मोजण्यासाठी १९९० हे आधारवर्ष धरले गेले. त्याच वर्षी दोन्ही जर्मनी एक झाले आणि पुढील काही वर्षांत पूर्व जर्मनीतील निकृष्ट कोळशावर चालणारे जुनाट कारखाने एकामागून एक बंद पडले. जर्मनीचे उत्सर्जन झपाट्याने उतरले, आणि ते हवामानाच्या काळजीपोटी नव्हते. पुढे त्या देशाने पवनऊर्जेत केलेले काम अस्सल आहे. ब्रिटननेही ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले कोळशावरील शेवटचे वीजकेंद्र बंद केले. श्रेय द्यावे तेथे ते द्यावेच. परंतु २०३०पर्यंत ५५ टक्के कपात हे युरोपीय संघाचे उद्दिष्ट वाचताना ती १९९०पासून मोजली जाते, हे विसरून चालत नाही.

इतरांची आधारवर्षे पाहिली की गंमत वाढते. अमेरिकेने २०२१मध्ये ५० ते ५२ टक्के कपातीचा शब्द दिला, तो २००५च्या तुलनेत. त्या वर्षी तिचे उत्सर्जन १९९०पेक्षा बरेच अधिक होते. साहजिकच युरोपच्या फूटपट्टीने मोजली तर हीच कपात आखूड भरते. जपानने २०१३ हे वर्ष निवडले. फुकुशिमाच्या २०११मधील दुर्घटनेनंतर अणुभट्ट्या बंद होत्या, कोळसा आणि वायू अधिक जळत होता आणि उत्सर्जन चढलेले होते. तेथून ४६ टक्के खाली यायचे आहे. रशियाची तऱ्हा तर निराळीच. १९९०च्या ७० टक्क्यांपर्यंत उत्सर्जन मर्यादित ठेवू, असे तो म्हणतो. सोव्हिएत अर्थव्यवस्था कोसळल्याने ते आधीच त्याहून खाली गेले होते. म्हणजे नावाला कपात आणि प्रत्यक्षात वाढीची मुभा!

आणि दिलेला शब्द टिकतो तरी किती? अमेरिकेने २००१मध्ये क्योटो झिडकारला, २०१७मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली, २०२१मध्ये ती परतली आणि जानेवारी २०२५मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला.

भारताने २०२२मध्ये सादर केलेले उद्दिष्ट वेगळ्या जातीचे आहे. २००५च्या तुलनेत २०३०पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता ४५ टक्क्यांनी उतरवायची. तीव्रता म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर संच अधिक बनोत, पण प्रत्येक संचामागे कोळसा कमी जळो. एकूण उत्सर्जन वाढणारच, हा त्यावरील आक्षेप खरा आहे. तथापि दरडोई सुमारे २ टन कर्बवायू सोडणाऱ्या देशाला १४ टनांच्या घरात असलेल्या देशाने तो ऐकवावा, हे शोभत नाही.

आत्मस्तुतीलाही येथे जागा नाही. विजेच्या स्थापित क्षमतेचा निम्मा भाग खनिज इंधनेतर स्रोतांचा असावा, हे २०३०चे लक्ष्य भारताने २०२५मध्येच गाठले. पण स्थापित क्षमता म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी वीज नव्हे. सूर्य मावळल्यावर दिवा लावतो तो अजूनही मुख्यत्वे कोळसाच.

सर्व देशांच्या उद्दिष्टांत एक रकाना मात्र रिकामाच आहे. दूरदर्शन संचाच्या पडद्याचा मुख्य भाग आज बहुतांशी चीनमधून येतो. त्याचे उत्सर्जन चीनच्या खाती पडते आणि पाहणारा निर्दोष राहतो. युरोपने दोन पिढ्या हेच केले. आता १ जानेवारी २०२६पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर त्याच्या उत्पादनात निघालेल्या कर्बवायूच्या प्रमाणात आकार लावण्याची व्यवस्था युरोपीय संघात लागू झाली आहे. भारतातील पोलादाचा धूर तेथे मोजला जाईल, त्याचे पैसेही तेथेच जमा होतील. तो धूर लिहिला मात्र जाईल भारताच्याच नावे.