पेटी वेगळी, दार वेगळे : स्वयंपाकघराच्या खरेदीचा हिशोब

कापडाच्या धंद्यात माल टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो. सूत एकाचे, विणाई दुसऱ्याची, रंगाई तिसऱ्याची. यंत्रमागावरून उतरलेले कोरे कापड, ज्याला आपण ग्रे म्हणतो, ते घेऊन आपल्या पसंतीच्या प्रोसेस हाऊसला रंगवायला देण्याचा खरेदीदाराला पुरा अख्त्यार असतो. विणाईचा दर वेगळा, रंगाईचा वेगळा, दोन्ही तोंडपाठ. भिवंडीच्या बाजारात एखादा व्यापारी म्हणाला की, “रंग आमच्याकडूनच करून घेणार असाल तरच ग्रे देतो”, तर लोक त्याला हसतील.

परंतु स्वयंपाकघराच्या बाजारात हीच गोष्ट राजरोस चालते आणि कोणी हसत नाही. आमचे जुने घर उतरवून नवे बांधले तेव्हा हा अनुभव आला. वाचक बंधु-भगिनींपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या हे काम निघणार आहे, म्हणून त्याचा हिशोब येथे मांडत आहोत.

जुन्या घराच्या सागवानी फळ्या आम्ही जपून ठेवल्या होत्या. अम्मींची एकच इच्छा होती की, ज्या लाकडाच्या कपाटांतून त्यांनी चाळीस वर्षे पीठ-मसाले काढले, ते लाकूड नव्या ओट्याखालीही दिसावे. तेव्हा आम्हाला हव्या होत्या फक्त पेट्या, म्हणजे कपाटाचा सांगाडा. बाजारात त्याला ‘कारकस’ म्हणतात. दारे, ज्यांना हे लोक ‘शटर’ म्हणतात, ती आमचे मिस्त्री त्या सागवानातून करणार होते. एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. चहा उत्तम मिळाला, संगणकावर चित्रही रंगीत दाखवले. पण “दाराशिवाय पेटी द्या” म्हणताच उत्तर आले, “तशी पॉलिसी नाही. घ्याल तर पूर्ण सेट.” पेट्यांचा वेगळा दर तरी सांगा म्हटले, तर तोही नाही. दर एकच, समोरून दिसणाऱ्या चौरस फुटाचा.

येथेच खरी मेख आहे. समोरच्या चौरस फुटावर दर लावला की ग्राहकाला दार दिसते, मागची पेटी दिसत नाही. आता माप घेऊन पाहा. ओट्याखालची नेहमीची एक पेटी घ्या : रुंदी 600 मिलिमीटर, उंची 720, खोली 560. दोन बाजू, एक तळ आणि वर दोन आडव्या पट्ट्या मिळून सुमारे सव्वातेरा चौरस फूट प्लाय लागतो. पाठीचा पातळ पत्रा वेगळा. तिचे दार मात्र साडेचार चौरस फुटांच्या आसपास. म्हणजे दाराच्या जवळजवळ तिप्पट फळी पेटीत जाते. आठ बाय चारच्या, म्हणजे 32 चौरस फुटांच्या एका शीटमधून नीट कापले तर अशा दोन पेट्या निघतात. हे गणित आम्ही स्वतः कागदावर चौकोन काढून पडताळले आहे.

असे असूनही आमच्यासमोर ठेवलेल्या अंदाजपत्रकात सारी चमक दाराची होती. साधा लॅमिनेट घेतला तर एक दर, ॲक्रेलिक घेतला तर चढा दर, पी.यू. रंग घेतला तर त्याहून चढा. आत पेटी कशाची आहे, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. थोडक्यात, लाकूड पेटीत जास्त आणि पैसा दारात जास्त. कापडवाल्याला हे चटकन उमगते. शेरवानीचे मोल भरतकामावर ठरते खरे, पण अस्तर कुजके निघाले तर ती शेरवानी दोन लग्नेही टिकत नाही.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा की, आपण पूर्ण सेट घ्या किंवा नुसत्या पेट्या, दर मात्र सहा ओळींत वेगवेगळा लिहून मागा : पेटी, दार, बिजागऱ्या व चॅनेल, जाळ्या-टोपल्या, बसवण्याची मजुरी आणि कर. जो दुकानदार हे लिहून देतो त्याच्याशी पुढे बोलावे. हे अशक्य आहे असे कोणी सांगेल तर ते मान्य करू नये. आयकिया ही स्वीडिश कंपनी 2018 मध्ये हैदराबादला आणि डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत आली. तिच्या पद्धतीत पेटी, दार आणि बिजागरी यांच्या किमती वेगवेगळ्या असतात. मोठ्या दुकानाला जे जमते ते आपल्या शहरातील दुकानाला न जमण्याचे कारण नाही.

दुसरा सल्ला मालाविषयी. दार खराब झाले तर दोन स्क्रू सोडून बदलता येते. पेटी खराब झाली तर ओट्याचा दगड उचलावा लागतो. तेव्हा काटकसर करायची तर दारात करावी, पेटीत नव्हे. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, परंतु कडेतून पाणी शिरले की फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. वरच्या कोरड्या कपाटांना तो चालून जाईल. सिंकखाली मात्र आय.एस. 710 चा, म्हणजे मरीन प्लायच घ्यावा. या मानकात प्लायचे तुकडे 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून सांधा सुटतो का ते तपासले जाते. शिक्का शीटवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लागली आहे का, विशेषतः जी कड भिंतीकडे जाते आणि कोणाला दिसत नाही तिला, हे हात फिरवून पाहावे.

आता आमची चूकही सांगतो, कारण दुसऱ्याचे दोष सांगून स्वतःचे झाकणे हा इमानदार व्यापार नव्हे. शोरूमने नाही म्हटल्यावर आम्ही एका फळ्या कापणाऱ्या कारखान्याकडे गेलो. यंत्रावर कापून, कडा लावून, भोके पाडून पेट्या देतो म्हणाला. मापांची यादी दिली आणि माल वेळेवर आला. पेट्या सरळ, काटकोनात, तक्रारीला जागा नाही. मिस्त्रींनी त्या पाहिल्या आणि डोक्याला हात लावला.

“शेठ, दार पेटीच्या वर बसणार की आत?”

आम्ही म्हटले, “जुन्या कपाटासारखे, आत.”

“मग आतल्या फळ्या पुढच्या कडेपर्यंत का आणल्या? दार बंद कुठे होणार?”

वस्तुतः कारखान्याचा काही दोष नव्हता. त्यांनी भोके नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे पुढच्या कडेपासून 37 मिलिमीटरवर पाडली होती. ती पेटीच्या वर बसणाऱ्या दारासाठी असतात. दार आत बसवायचे तर ते दाराच्या जाडीइतके मागे सरकवावे लागते आणि आतले कप्पेही तेवढे कमी खोल ठेवावे लागतात. बिजागरीही वेगळी येते. दार पूर्ण वर बसत असेल तर झिरो क्रँक, मधल्या एकाच फळीवर दोन दारे असतील तर आठ, आणि आत बसत असेल तर सोळा. हे आम्ही कोणाला विचारले नाही आणि कारखान्याला सांगितले नाही. कप्पे पुन्हा कापावे लागले, भोके नव्याने पाडावी लागली, नव्या कडांना पट्टी लावावी लागली. मिस्त्रींची दोन दिवसांची मजुरी आमच्या अज्ञानाच्या खात्यावर पडली.

तात्पर्य, दार नंतर येणार असले तरी दाराचा निर्णय आधी व्हायला हवा. जाडी किती, वर की आत, उघडणार कोणत्या बाजूला, हे कागदावर लिहून मगच पेट्यांची मागणी द्यावी. दार वर बसणार असेल तर ते पेटीच्या रुंदीहून तीन-चार मिलिमीटर कमी ठेवावे. खरे लाकूड असेल तर हा फट-हिशोब जरा सैल ठेवावा, कारण पावसाळ्यात सागवानही अंग भरते.

शोरूमवाल्यांची एक बाजू आहे, तीही न्यायाने मांडली पाहिजे. ते म्हणतात, “पेटी आमची आणि दार दुसऱ्याचे असले की दार वाकडे लागल्यावर पेटीवाला दारवाल्याकडे बोट दाखवतो आणि दारवाला पेटीवाल्याकडे. हमी कोणाची?” हा मुद्दा खोटा नाही. ज्या घरात कामाकडे पाहायला कोणाला फुरसत नाही, त्यांनी पूर्ण सेट घेतलेला बरा. परंतु यावर इलाज आहे. बसवणारा एकच असावा, आणि पेट्या तपासून ताब्यात घेतल्याची सही त्याने करावी. त्यानंतर जबाबदारी त्याची. आमच्या धंद्यातही प्रोसेसवाला ग्रे तपासूनच ताब्यात घेतो.

या प्रश्नात केवळ ग्राहकाचे दोन पैसे नाहीत, सुताराची रोजीही आहे. पूर्ण सेट आला की मोहल्ल्यातील मिस्त्रीच्या हाती फक्त स्क्रू पिळणे उरते. पेटी यंत्राने करावी, कारण यंत्र काटकोन चुकत नाही. दार मात्र कारागिराच्या हातचे असू शकते, आणि घराची शोभा दारातच असते. यासाठी मिस्त्री बंधूंनीही यंत्राची मापे शिकून घेतली पाहिजेत. “आम्ही फूट-इंचवाले” म्हणून बसल्यास काम हातचे जाईल. आमच्या मिस्त्रींचा मुलगा आता भोकांची मापे मिलिमीटरमध्ये लिहून कारखान्याला यादी पाठवतो.

आणि शोरूमच्या मालकांना आमची विनंती एवढीच की, पेटीचा दर फलकावर लावा. ज्याला दार हवे तो दारही घेईल. माल चांगला असेल तर तो सुटा विकायला भीती कसली?

अम्मी सकाळी ओट्यापाशी उभ्या राहतात तेव्हा दार उघडण्यापूर्वी त्या फळीवरून एकदा हात फिरवतात. दोन दिवसांची मजुरी आम्हाला त्या वेळी फारशी आठवत नाही.