लेकरू 'ढ' नाही, शाळेला त्याची भाषा येत नाही



मेळघाटातल्या शाळांत एक शब्द फार चालतो : 'ढ'. पहिलीतलं कोरकू लेकरू 'गाडी आला' म्हणालं की ते ढ. वर्ग हसतो, गुरुजी डोळे वटारतात, आणि थोड्याच दिवसांत ते लेकरू शाळा सोडून गुरांमागं दिसतं. मग वरून म्हणायचं, आदिवासींना शिक्षणाची आवड नाही. हे खोटं आहे. आम्ही ते ऐकून घेणार नाही.

लेकराचं अडतं कुठं ते बघा. मराठीत गाडी ती, रस्ता तो, घर ते. असं का, याला उत्तर नाही. ऐकून ऐकूनच ते तोंडात बसतं. कोरकूत भेद आहे तो जीव असलेल्याचा आणि जीव नसलेल्याचा. मराठीत वचनं दोन. कोरकूत तीन : एक, दोन आणि अनेक. 'कोरो' म्हणजे माणूस, त्याला 'कू' लागला की माणसं. कोरकू या नावातच व्याकरण आहे! सहा वर्षांचं लेकरू हे सगळं घरी सरळ बोलतं. म्हणजे त्याला व्याकरण येतं. येत नाही ते मराठीचं, आणि ते कुणी शिकवलंच नाही. मराठी येतेच असं धरून 'नाम म्हणजे काय' तेवढं पाठ करून घेतात.

आणखी एक. जे लेकरू घरी कोरकूत भराभर गोष्ट सांगतं आणि शाळेत गप्प बसतं, त्याची अडचण भाषेची. जे घरच्या बोलीतही अडखळतं, त्याचे कान-डोळे तपासा, त्याला वेगळी मदत द्या. दोन्ही अडचणी वेगळ्या, औषध वेगळं. शाळा दोघांनाही मागच्या रांगेत बसवते.

कुणी म्हणेल, मग व्याकरण सोडून द्या. नाही! आम्हाला ते पाहिजेच. वनहक्काच्या दाव्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही त्यात पुरावा धरतात. पण तो लिहितो दुसराच, आपण अंगठा देतो. 'कसत आहे' च्या जागी 'कसत होता' पडलं, तर ओळखणार कोण? 'झोपडी हटविण्यात आली' असं कागद म्हणतो. कुणी हटवली? वाक्यात कर्ताच नाही. कर्ता लपवायची ही कला शासनाला चांगली येते. आपल्या पोरांनी तो कर्ता शोधून काढावा, यासाठी व्याकरण पाहिजे. छडीनं ते येत नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे. राज्यघटनेचं कलम 350-क सांगतं की भाषिक अल्पसंख्य लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, याची सोय राज्यानं करावी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 29 तेच सांगतं, पण 'शक्य असेल तेथवर'. या तीन शब्दांच्या आड सगळे लपतात. कलम 17 नं मारायला बंदी आहे, मानसिक छळालाही. वर्गापुढं 'ढ' म्हणणं हा छळ नाही तर काय?

आमच्या मागण्या :

1. पहिली-दुसरीला लेकराची बोली जाणणारा माणूस वर्गात पाहिजे. गावातलाच घ्या, मानधन द्या.

2. आधी मराठी बोलायला शिकवा. व्याख्या नंतर.

3. आपल्या बोलीचं वाक्य आणि मराठीचं वाक्य फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. फरक लेकरंच सांगतील.

4. सातवी-आठवीला दाव्याचा अर्ज, पंचनामा, नोटीस वर्गात वाचून घ्या.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. ते पालक म्हणजे आपणच. नुसती सही करून परतू नका. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या, तो मोठ्यानं वाचून घ्या, आणि मगच सही-अंगठा द्या.

जमीन आमची, जंगल आमचं, बोलीही आमची!