विश्लेषण : ‘गुन्हा नको, पण विवाहही नको’... समलिंगी संबंधांना परंपरावाद्यांचा विरोध नेमका कशामुळे?

प्रौढांमधील संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला ६ सप्टेंबर २०२५ रोजी सात वर्षे पूर्ण झाली. त्या निकालाने तुरुंगाची भीती संपली. मात्र समलिंगी विवाहांना मान्यता देण्यास २०२३ मध्ये न्यायालयाने नकार दिला आणि त्यावरील फेरविचार याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. या प्रवासात एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणाऱ्या धार्मिक आणि राजकीय संघटना विरोधाच्या मुद्द्यावर एका बाजूला उभ्या राहिल्या. असे का घडले, याचा आढावा.

विरोधाची रेषा कशी सरकली?

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी कलम ३७७ मधून संमतीचे संबंध वगळले. त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी बोलकी होती. सुरेशकुमार कौशल हे ज्योतिषी, ऑल इंडिया मुस्लीम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिश्चन संघटना, बाबा रामदेव यांचे प्रवक्ते, असे सगळे त्यात होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी त्यांच्या बाजूने निकाल लागला आणि कलम ३७७ पुन्हा पूर्ण ताकदीने लागू झाले. २०१८ मध्ये घटनापीठाने तो निकाल रद्द केला, तेव्हा केंद्र सरकारने संमतीच्या संबंधांचा प्रश्न न्यायालयाच्या विवेकावर सोडला होता.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची भूमिकाही याच दिशेने गेली. दत्तात्रेय होसबाळे यांनी २०१६ मध्ये हा गुन्हा मानू नये असे म्हटले, पण हे वर्तन सामाजिकदृष्ट्या अनैतिक आहे आणि अशा विवाहांना मान्यता नको, अशी पुस्तीही जोडली. २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी महाभारतातील जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला देत, अशा व्यक्ती समाजात नेहमीच होत्या व त्यांना त्यांचे खासगी अवकाश मिळायला हवे, असे सांगितले. दोनच महिन्यांनी होसबाळे यांनी विवाह हा दोन भिन्नलिंगी व्यक्तींमधील संस्कार आहे, असे स्पष्ट केले. थोडक्यात, बंद दाराआडचे संबंध सहन करण्याची तयारी वाढली. त्या संबंधांना सार्वजनिक नाव देण्यास मात्र विरोध कायम राहिला.

धर्मग्रंथांचा आधार कितपत?

ज्यू आणि ख्रिश्चन परंपरेत ‘लेवीय’ या ग्रंथातील निषेध आणि नव्या करारातील पौलाची पत्रे यांचा आधार घेतला जातो. इस्लामी परंपरेत लूत या प्रेषिताच्या जमातीची कथा निर्णायक मानली जाते. श्रद्धावंतांच्या दृष्टीने ही ईश्वराज्ञा असते. त्यामुळे बहुमत किंवा नवे संशोधन तिच्यात बदल करू शकत नाही, असे ते मानतात.

कॅथलिक चर्चची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार समलिंगी कृती पाप आहे, परंतु समलिंगी व्यक्तीशी आदराने आणि करुणेने वागले पाहिजे. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी २०१३ च्या निकालानंतर हीच भूमिका मांडली होती. विवाहाला विरोध, पण समलिंगींना गुन्हेगार ठरवणेही अमान्य.

हिंदू परंपरेत एकच ग्रंथ किंवा एकच धर्मपीठ नाही. मनुस्मृतीत पुरुषांमधील संबंधांसाठी वस्त्रांसह स्नानासारखे प्रायश्चित्त आहे, तर कामसूत्रात अशा संबंधांचे वर्णन येते. म्हणूनच हिंदुत्ववादी संघटनांचा भर ग्रंथातील बंदीपेक्षा ‘संस्कृती’ आणि ‘कुटुंबव्यवस्था’ यांवर दिसतो.

‘निसर्गाविरुद्ध’ या आक्षेपाचे मूळ कशात?

शरीराला ठरलेले प्रयोजन आहे आणि कामसंबंधांचे प्रयोजन संतती हे आहे, हा विचार युरोपात तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनी धर्मशास्त्रात पक्का बसवला. भारतातही वंश चालवणे हे गृहस्थाश्रमाचे कर्तव्य मानले गेले. परंतु निपुत्रिक जोडप्यांचे किंवा उतारवयातील विवाह कोणी अनैसर्गिक ठरवत नाही, हे या युक्तिवादाला दिले जाणारे नेहमीचे उत्तर. विज्ञानानेही बाजू बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाईट यांची मांडणी येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते, उदारमतवादी एखाद्या कृतीने कोणाची हानी झाली का, कोणावर अन्याय झाला का, हे आधी पाहतात. परंपरावादी याबरोबरच पावित्र्य, अधिकारमान्यता आणि समूहनिष्ठा यांनाही तितकेच वजन देतात. त्यामुळे ‘यात कोणाचे काय बिघडते?’ हा प्रश्न एका बाजूला वाद मिटवणारा वाटतो, तर दुसऱ्या बाजूला तो मुद्द्याला धरूनच नसतो.

खरा वाद विवाहाशी का येऊन थांबतो?

हिंदू परंपरेत विवाह संस्कार आहे, इस्लाममध्ये करार आहे आणि कॅथलिकांसाठी तो पवित्र विधी आहे. तिन्ही कल्पना वेगळ्या असल्या, तरी विवाह स्त्री आणि पुरुष यांच्यातच, ही अट तिन्हींमध्ये समान आहे. म्हणूनच २०२३ च्या सुनावणीत केंद्र सरकार आणि जमियत उलेमा-ए-हिंद एकाच बाजूला होते. पती, पत्नी आणि मुले या भारतीय कुटुंबाच्या कल्पनेशी समलिंगी विवाह जुळत नाही, असे केंद्राने प्रतिज्ञापत्रात म्हटले. ही मागणी ‘शहरी उच्चभ्रूं’ची असल्याचा दावाही केला. विरोध एका पक्षापुरता नव्हता. मत कळवणाऱ्या सात राज्यांपैकी काँग्रेसशासित राजस्थान, वायएसआर काँग्रेसचे आंध्र प्रदेश आणि भाजपशासित आसाम यांनी नकार दिला. महाराष्ट्राने अधिक वेळ मागितला.

या विरोधाला कायद्याची बाजूही आहे. हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या आणि स्त्रीच्या मागे मालमत्ता कोणाकडे जाणार, याचे नियम वेगवेगळे आहेत. पोटगी, घटस्फोट, विवाहाचे किमान वय या तरतुदीही ‘पती’ आणि ‘पत्नी’ धरूनच लिहिल्या आहेत. हे सर्व बदलायचे तर ते काम संसदेचे, हा केंद्राचा मुद्दा घटनापीठाने एकमताने मान्य केला.

मात्र त्यापलीकडे एक सामाजिक कारण आहे. भारतात विवाह दोन व्यक्तींपेक्षा दोन घरांमध्ये ठरतो. जात, मालमत्ता आणि नातेसंबंध त्यातूनच पुढे जातात. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय विवाहांना होणारा विरोध आणि समलिंगी विवाहांना होणारा विरोध येथे एकमेकांना भेटतात. जोडीदार निवडण्याचा अधिकार घराचा की व्यक्तीचा, हा तो प्रश्न आहे.

‘पाश्चात्त्य खूळ’ या आरोपात तथ्य आहे का?

डिसेंबर १९९८ मध्ये दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या चित्रपटाविरोधात शिवसैनिकांनी मुंबईतील चित्रपटगृहात तोडफोड केली, तेव्हा तो भारतीय संस्कृतीला परका असल्याचे सांगण्यात आले होते. पण पाश्चात्त्य होते ते कलम ३७७. मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केलेल्या आणि १८६० मध्ये मंजूर झालेल्या दंड संहितेतून ते आले. त्याची मुळे १५३३ च्या इंग्लंडमधील कायद्यापर्यंत जातात.

या विषयावरील मराठी चर्चाही जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांमध्ये समलैंगिकतेचाही विषय होता. कर्वे यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. खटला हरले, तरी हा विषय परदेशातून अलीकडे आला, असे म्हणता येत नाही.

सगळेच परंपरावादी विरोधात आहेत का?

नाही. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी २०११ मध्ये, आपण हुजूर पक्षाचे आहोत म्हणूनच समलिंगी विवाहाला पाठिंबा देतो, असे म्हटले. बांधिलकी आणि स्थिर कुटुंब ही मूल्ये परंपरावादी असतील, तर ती सर्वांना खुली हवीत, असा त्यांचा तर्क होता. २०१३ मध्ये कायदा झाला, पण त्यांच्याच पक्षात विधेयकाविरोधात मते देणारे खासदार बाजूने देणाऱ्यांपेक्षा अधिक होते. भारतातही मत एकसुरी नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ५३ टक्के भारतीयांनी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्याचे समर्थन केले, तर ४३ टक्क्यांनी विरोध केला.

जोडप्यांसाठी पुढे काय?

मान्यतेच्या अभावी रोजचे प्रश्न अडतात. रुग्णालयात संमतीपत्रावर सही कोणाची, मृत्यूनंतर देह ताब्यात कोणाला मिळणार, घर कोणाच्या नावे राहणार. घटनापीठासमोर दिलेल्या आश्वासनानुसार केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये समिती नेमली. त्यानंतर शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, संयुक्त बँक खाते आणि नामनिर्देशनाला अडचण नसावी, अशा सूचना निघाल्या. मात्र या सूचना आहेत, हक्क नव्हेत. जोडीदाराने दिलेल्या भेटीवर पती-पत्नींप्रमाणे करसवलत का नाही, हा प्रश्न २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला.

मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आईवडिलांनी मर्जीविरुद्ध घरात ठेवलेल्या २५ वर्षांच्या तरुणीची सुटका केली आणि कुटुंब उभारण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही, असे नमूद केले. याचिका करणाऱ्या तिच्या जोडीदाराने अर्जात स्वतःचा उल्लेख केवळ ‘जवळची मैत्रीण’ असा केला होता. तो संकोच आपण समजू शकतो, असे न्यायालय म्हणाले. गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला, तरी न्यायालयाच्या दारातही नात्याचे खरे नाव लिहिताना हात अडखळतो. परंपरावादी विरोध आज टिकून आहे तो याच नावापाशी.