तोटा कोणी सोसावयाचा?

ऊस-हंगाम आला की सातारा व सांगली जिल्ह्यांत दराचा वाद पेटतो आणि काही दिवसांनी विझतो. कारखाना बुडाला तर तोटा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो; आणि आमच्या मते सहकाराचे सारे मर्म त्याच प्रश्नात आहे.

ग्रामीण पतसंस्थेची कल्पना आपल्याकडे जर्मनीतून आली. रायफायझन यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे काढलेल्या संस्थेत प्रत्येक सभासद तिच्या कर्जाला आपल्या सर्व मालमत्तेनिशी बांधलेला असे. शेजाऱ्याने कर्ज बुडविले तर आपली गाय जाईल, ही धास्तीच तेथे हिशेबतपासनिसाचे काम करी. १९०४ च्या कायद्याने हिंदुस्थानातील ग्रामीण संस्थांनाही हीच अमर्याद जबाबदारी घातली. परंतु येथे कायदा वरून आला, त्याच्यामागोमाग सरकारी निबंधक आला, आणि शेजाऱ्याची धास्ती जर्मनीतच राहिली. पुढे १९५४ साली गोरवाला समितीने सरकारी भागीदारी व मर्यादित जबाबदारी यांचा पुरस्कार केला. साखर कारखानेही याच वळणावर वाढले: शासनाचे भागभांडवल, शासनाची थकहमी, आणि सभासदाची जबाबदारी त्याच्या शेअरपुरती.

त्या वेळी हे चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. हाती भांडवल नसलेल्या शेतकऱ्याने कारखाना काढावा तरी कसा? वसंतदादा पाटील आणि नागनाथअण्णा नायकवडी हे दोघेही बेचाळीसनंतरच्या भूमिगत लढ्यातले. तरी वसंतदादांनी उभारलेला सांगलीचा कारखाना कर्जात रुतला व २०१७ साली खासगी कंपनीस भाड्याने द्यावा लागला. अण्णांचा वाळव्याचा हुतात्मा कारखाना मात्र काटकसरीसाठी व चांगल्या दरासाठी दीर्घकाळ नावाजला गेला. कायदा तोच, जिल्हाही तोच. अण्णांसारखी शिस्त कोणत्या कलमात लिहिता येणार?

२०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांचे नियम राज्यघटनेत घातले. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतील संस्थांपुरता तो भाग रद्द ठरविला, आणि त्याच महिन्यात केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय निघाले. लगाम मुंबईच्या हाती की दिल्लीच्या, एवढाच हा झगडा. तोट्याचा धनी त्यात कोठेच नाही. थकहमीच्या कागदावर सही होण्यापूर्वी संचालकांनी आपापल्या सातबाऱ्यावर तिचा बोजा चढवून घ्यावा, ही मागणी ऊस-उत्पादकाइतकीच शहरातील करदात्यानेही केली पाहिजे. थकहमीचे पैसे अखेर त्याच्याच करातून जातात.