स्वीट पी आणि 'आपल्याकडे येत नाही'

बी.ए.च्या पहिल्या वर्षी कीट्सची कविता शिकताना वर्गात 'स्वीट पी' हा शब्द आला. कसले फूल हे, असे आम्ही विचारले. वाटाण्याच्या फुलासारखे, पण सुवासिक, असे सांगून सर म्हणाले, "आपल्याकडे येत नाही ते. थंड मुलखातले झाड." तास संपला, माझ्या डोक्यात मात्र ते 'आपल्याकडे येत नाही' बसून राहिले. वऱ्हाडात काय काय येत नाही याची यादी आपण लहानपणापासून ऐकतो. तीत चांगला गुलाब आहे, चांगले नाटक आहे आणि पुण्याला शिकायला गेलेला मुलगाही आहे.

सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मला एवढेच म्हणायचे आहे की, जठारपेठेत स्वीट पी येतो. येत नाही तो चुकीच्या पाकिटातला. हे मी एक हिवाळा वाया घालवून शिकले.

त्या वर्षी मी टपालाने पाकीट मागवले. त्यावर हाताच्या पंजाएवढी झालरीची फुले छापलेली होती, आणि मी चित्रालाच भुलले. वेल मात्र उत्तम वाढला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, नुसता पाला! मार्चच्या मध्यावर चार फुले आली आणि आठ दिवसांत उन्हाने वेलासकट वाळून गेली. सरांचे खरे ठरले म्हणून मी गप्प बसणार होते. पण मग वाचू लागले, आणि कळले ते असे.

स्वीट पी मुळात थंड मुलखातला नाहीच. तो सिसिली बेटावरचा. तिथला उन्हाळा कोरडा आणि कडक असतो. हिवाळ्याच्या पावसावर वाढायचे, उन्हाळा तापायच्या आत बी धरून मोकळे व्हायचे, हा त्याचा मूळ क्रम. कुपानी नावाच्या धर्मगुरूने 1699 मध्ये तिथून त्याचे बी इंग्लंडमधील युवडेल नावाच्या शिक्षकाकडे पाठवले. म्हणजे कीट्सच्या कवितेतला स्वीट पीसुद्धा इंग्लंडमध्ये परकाच होता! पुढे दोनशे वर्षे तिथल्या माळ्यांनी त्याला आपल्या लांब, थंडगार उन्हाळ्याच्या सवयी लावल्या. 1901 मध्ये ऑलथॉर्प येथील अर्ल स्पेन्सरच्या बागेतल्या सायलस कोल या माळ्याने झालरीच्या पाकळ्यांचे गुलाबी फूल दाखवले, आणि 'स्पेन्सर' जातीचे युग सुरू झाले. माझ्या पाकिटावरचे चित्र याच घराण्यातले.

खरी मेख इथे आहे. स्वीट पी थंडी-उन्हाइतकाच दिवसाची लांबीही पाहतो. स्पेन्सर जातीला फुलायला दिवस सुमारे 12 तासांचा लागतो. अकोल्यात डिसेंबरअखेर दिवस असतो जवळजवळ 11 तासांचा. तो 12 तासांचा होईतो मार्च निम्मा सरतो, आणि तोवर आपल्याकडे पंखे सुरू झालेले असतात. याउलट, हिवाळ्यात काचघरांत फुले मिळावीत म्हणून निवडलेल्या काही जाती आहेत. 'विंटर एलिगन्स', 'मॅमथ' ही त्यांतली नावे. त्यांना 11 तासांचा दिवस पुरतो. फूल स्पेन्सरपेक्षा थोडे साधे. पण ते जानेवारीत येते. तेव्हा पाकीट घेताना चित्र पाहू नका, जातीचे नाव वाचा. 'मोठ्या फुलांचे मिश्र' एवढेच छापलेले पाकीट दुकानात परत ठेवा. वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या मुलीने हे सांगावे, याबद्दल विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी क्षमा करावी.

लावणीचे थोडक्यात सांगते. कोजागरी झाली, रात्री गार होऊ लागल्या की बी घालावे. बीचे कवच कठीण; नेलकटरने किंचित टवका काढून रात्रभर भिजवले की चांगले फुगते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि बी कुजते (माझी पहिली पेरणी अशीच गेली). म्हणून वाफा वीतभर उंच करून त्यात रेती आणि जुने शेणखत मिसळले. उरलेल्या बियांवर उंदरांचा डोळा असतो. रोपाला तीनचार पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडावा, फांद्या फुटतात. आधाराला बांबू निरुपयोगी, कारण याच्या तणाव्यांना बारीक काडी लागते. इथे मात्र वऱ्हाड सगळ्या जगाच्या पुढे आहे! मामांच्या शेतातल्या गेल्या सालच्या तुराट्या आणि पऱ्हाट्या आणून रोवल्या. वेल दोन दिवसांत त्यांना बिलगला.

आता पाण्याचे. घरात माझा खरा वाद झाला तो सरांशी नव्हे, आजीशी. "हे कायले लावून राहिली वं? खाता तं येत नाही," असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली. या प्रश्नाला माझ्यापाशी आजही पुरते उत्तर नाही. आमच्याकडे पाणी भांड्यांत साठवून, मोजून वापरायची वस्तू आहे. बोअरचे पाणी खारवट. ते घातले तर मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा जळतात. शेवटी तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी, तिसऱ्या दिवशी, मुळाशी. वर वाळल्या गवताचे आच्छादन. बारा वेलांना एवढे पुरले. बाराच्या वर लावणे मला स्वतःलाच पटत नाही. ज्या गल्लीत बाया नळाची वाट पाहत बसतात, तिथे फुलांचा मांडव घालून मिरवू नये.

आणि खाण्याचे म्हणाल तर आजीची शंका वाटते त्याहून गंभीर आहे. स्वीट पीच्या बिया विषारी असतात. पूर्व विदर्भात पिकणारी लाखोळी त्याच्याच कुळातली. केवळ तिच्यावर दिवस काढणाऱ्या गरिबांचे पाय लुळे पडत, म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. फेब्रुवारीत आमच्या शेजारचा चार वर्षांचा बाळू वाटाण्याची शेंग समजून एक शेंग सोलत बसला होता. ती त्याच्या तोंडातून काढताना माझे हातपाय गार पडले. त्या दिवसापासून वाफा कुंपणाच्या आत गेला, आणि लहान मुले असलेल्या घरी मी आधी हे सांगते, मग सुवासाबद्दल बोलते.

सुवास! जानेवारीच्या सहा तारखेला पहिली दोन फुले उमलली, फिकट जांभळी. मध आणि संत्र्याचे फूल यांच्या मधला काहीसा वास. फुले रोज तोडावी लागतात, नाहीतर वेल शेंगा धरतो आणि फुलणे थांबवतो. त्यामुळे फेब्रुवारीअखेर घरात पेला रिकामा नव्हता, शेजारीही दिली. आजीने एक जुडी देवापुढे ठेवली. वादाचा निकाल मात्र तिने अजून दिलेला नाही. सरांच्या टेबलावरही एक जुडी ठेवली होती. त्यांनी ती हुंगली आणि विचारले, "कुठून आणली?" "जठारपेठेतून," म्हणाले. ते हसले, आणि त्या दिवशी हजेरी घ्यायची राहून गेली.

शेवटच्या आठवड्यात चार वेल मुद्दाम तोडणीवाचून ठेवले. स्वीट पीचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत फळते. म्हणून घरचे बी बहुधा मूळ जातीसारखेच निघते, पाकीट पुन्हा विकत घ्यावे लागत नाही. माझ्याजवळ दीडशेच्या आसपास बिया आहेत. मराठी विभागाच्या वाचनालयात कोजागरीनंतर मला भेटावे, प्रत्येकी दहा. पुडीसाठी कागद आपापला आणावा.