ग्रंथालयाचें दार कीं नामफलक?

आमच्या ग्रंथालयांना अलीकडे संकेतस्थळ काढण्याची हौस जडली आहे. हौस वाईट नाहीं. वाईट आहे तें तिचें आजचें स्वरूप.

गेल्या पावसाळ्यांत आम्हांस १८६७ सालीं निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'चे कांहीं अंक पाहावयाचे होते. एका जुन्या ग्रंथालयाचें संकेतस्थळ आम्हीं उघडलें. आरंभीं अध्यक्षांचें छायाचित्र, मग शाल-श्रीफळ स्वीकारणाऱ्या पाहुण्यांचीं छायाचित्रें, मग वर्धापनदिनाचा वृत्तांत! ग्रंथांची यादी मात्र 'लवकरच' यावयाची होती. शेवटीं दोन बसगाड्या बदलून आम्ही तेथें गेलों. अंक होते. ग्रंथपालांनीं ते आस्थेनें काढून दिले व म्हणाले, "अहो, हे मागायला कोणी येतच नाहीं." येणार तरी कसें? ते तेथें आहेत हें त्या कपाटाखेरीज ठाऊक होतें कोणास?

रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. ग्रंथ उपयोगासाठीं आहेत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, आणि वाचकाचा वेळ वांचावा, हे त्यांतले पहिले चार. यांपैकीं एकाही कसोटीस असलें संकेतस्थळ उतरत नाहीं. ग्रंथालयाचें दार म्हणून तें काढलें. झाला तो चालकांचा नामफलक.

यावर चालकांचें पहिलें उत्तर ठरलेलें असतें : पैसा नाहीं. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागांतील ग्रंथालयसंस्थेचीही जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडतांच कोलमडेल, असें भय १९९९ सालीं निर्माण झालें होतें. त्या लहानशा संस्थेनें नवी प्रणाली करवून घेतली, तिला 'कोहा' म्हणजे माओरी भाषेंत 'भेट' असें नांव दिलें, आणि ती साऱ्या जगास विनामूल्य खुली केली. भारतांतील अनेक ग्रंथालयें आज ती वापरतात. यादी भरण्याचे श्रम फुकट होत नाहींत, हें आम्ही जाणतों. पण सत्कारसमारंभांना जें मनुष्यबळ मिळतें, तें यादीलाच कसें मिळत नाहीं?

दुसरें उत्तर असें कीं, घरबसल्या सर्व दिसूं लागलें तर ग्रंथालयांत येईल कोण? ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जुनीं वृत्तपत्रें संकेतस्थळावर आणलीं, तेव्हां यंत्रानें वाचलेल्या मजकुरांत चुका पुष्कळ राहिल्या. त्या सुधारण्याचें काम त्यानें वाचकांवरच सोंपविलें. २००९ पासून 'ट्रोव्ह' या नांवानें चालणाऱ्या त्या संकेतस्थळावर वाचकांनीं आपण होऊन कोट्यवधि ओळी दुरुस्त केल्या आहेत. वाचकास काम दिलें कीं तो घरचा होतो. आमच्याकडे असें काम आनंदानें करतील असे निवृत्त शिक्षक गांवोगांव आहेत. त्यांना कोणी विचारीत नाहीं, एवढेंच.

अर्थात् यादी ठेवली कीं लोक धांवत येतील, हाही भ्रमच. दर शनिवारीं कपाटांतील एका पुस्तकाचा दहा ओळींत परिचय द्यावा व तो सभासदांच्या भ्रमणध्वनीवर पाठवावा. नवें काय आलें, कोणतें पुस्तक बाहेर गेलें आहे, हें तेथेंच कळावें. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याच्या हयातींत प्रसिद्ध झालेले ग्रंथ सर्वांस मोकळे होतात. हरि नारायण आपटे १९१९ सालीं वारले. त्यांच्या कादंबऱ्या संपूर्ण खुल्या करण्यास आज कोणाची आडकाठी आहे?

ठाण्यास १८९३ सालीं व मुंबईस १८९८ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालयें निघालीं. त्या पिढीनें दारोदार हिंडून ग्रंथ जमविले. ते दाखविण्याचें सोपें काम आमच्या पिढीच्या वांट्यास आलें आहे, आणि तेंही होऊं नये ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आमचे बहुतेक वाचक कोणत्या ना कोणत्या ग्रंथालयाचे सभासद असतील. येत्या वार्षिक सभेंत हार-तुरे होऊन गेल्यावर त्यांनीं उभें राहून एवढेंच विचारावें : यादी कोठें आहे?